उरलेली एक बाजू : ‘जॉर्ज इन’ची वास्तू आणि जतनाचा प्रश्न

लंडन ब्रिज ओलांडून दक्षिणेला बरो हाय स्ट्रीटने चालू लागलं, की डाव्या हाताला अरुंद बोळ लागत जातात. त्यांची नावं एका माळेतली वाटतात : किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड. जॉन स्टो याने १५९८ मध्ये लंडनचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात सदर्क भागातल्या या रस्त्यावरच्या सरायांची यादी आहे आणि बोळांची आजची नावं बरीचशी त्या यादीतूनच आलेली आहेत. सराया मात्र गेल्या. उरली ती एकच, ‘जॉर्ज’. तीही पुरती उरलेली नाही. तिच्या चौकाची दक्षिणेकडची एक बाजू तेवढी शिल्लक आहे.

या एका बाजूवर इंग्रजी स्मरणरंजनाने जेवढा भार टाकला आहे, तेवढा तिच्या लाकडी खांबांवरही नसेल. लंडनमधली गॅलऱ्या असलेली ही शेवटची घोडागाड्यांची सराई. पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू. १९३७ पासून नॅशनल ट्रस्टच्या मालकीची. पर्यटकांच्या पुस्तकांत तिच्याबरोबर डिकन्स येतो, शेक्सपियर येतो, चॉसरसुद्धा शेजारधर्माने येतो. फोटो काढला जातो तो गॅलऱ्यांचा : वरचे दोन मजले, लाकडी कठडे, थोडे कललेले खांब, खाली फरसबंदी अंगण. फोटो सुंदरच येतो. पण ही वास्तू ज्या गोष्टीमुळे ‘सराई’ होती, ती गोष्ट या फोटोत नसते. लाकूड वाचलं आणि रचना गेली, असं काहीसं इथे झालं आहे. जुन्या वास्तूंबद्दल हळहळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतो, की आपण नेमकं काय वाचवतो आहोत?

नावाची अडचण

‘इन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. सराई म्हटलं तर काफिले आणि उंट डोळ्यांपुढे येतात. धर्मशाळेत पैशाचा व्यवहार दुय्यम असतो, इथे तो पहिला. खानावळीत मुक्काम नाही. इंग्लिश ‘इन’मध्ये माणसाला जेवण, दारू आणि बिछाना, घोड्याला चारा, पाणी आणि ठाण, मालाला कोठार आणि गाडीला निवारा अशा चार गोष्टी एका कुंपणात मिळत. नुसती बिअर विकणारं ‘एलहाउस’ किंवा वाइन विकणारं ‘टॅव्हर्न’ यांच्यापेक्षा ‘इन’ वेगळी ठरत असे ती मुक्काम आणि तबेला या दोन गोष्टींमुळे. या लेखात मी सराई हाच शब्द वापरतो आहे, पण तो या चारही गोष्टींसह वाचावा.

प्रतिशब्द नसला, तरी या सरायांच्या अंगणातले काही शब्द मराठीत केव्हाचे येऊन बसले आहेत. टप्प्याच्या गाडीत जागा हवी असेल, तर सराईच्या चौकातल्या कचेरीत जाऊन वहीत नाव लिहवावं लागे. ‘बुक’मध्ये नाव चढलं की झालं ‘बुकिंग’. रेल्वे आली तेव्हा तिने ‘बुकिंग ऑफिस’ हा शब्द आहे तसा उचलला. टपालगाडीच्या मागच्या बाजूला शस्त्र घेऊन बसणारा ‘गार्ड’ आगगाडीच्या शेवटच्या डब्यात जाऊन बसला. ‘कोच’ रुळांवर चढला. सुरुवातीचे आगगाडीचे डबे तर दोन-तीन घोडागाड्यांची शरीरं एकमेकांना जोडावीत तसेच दिसत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि तिच्या मागोमाग हे शब्द आपल्याकडे आले. आज सिनेमाचं किंवा लग्नाच्या हॉलचं ‘बुकिंग’ करणारा माणूस इंग्लंडातल्या कुठल्याशा चौकातली वही नकळत उघडत असतो. इमारत पाडली गेली तरी तिच्यातली व्यवस्था भाषेत टिकून राहते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

चौक हेच यंत्र

बरो हाय स्ट्रीटवर इतक्या सराया दाटीने का होत्या, याचं उत्तर पुलात आहे. दक्षिणेकडून लंडन शहरात शिरायला शतकानुशतकं लंडन ब्रिज हा एकच पूल होता. वेस्टमिन्स्टरचा पूल व्हायला १७५० साल उजाडलं. केंट, सरे, ससेक्सकडून येणारी माणसं, मालाच्या गाड्या, जनावरं या एका रस्त्यावर गोळा होत. पूल अरुंद, त्यावर घरं आणि दुकानं, पलीकडचे रस्तेही चिंचोळे. मोठी गाडी अलीकडेच थांबवणं शहाणपणाचं होतं. कँटरबरीच्या यात्रेला निघालेले चॉसरचे यात्रेकरू याच रस्त्यावरच्या ‘टॅबर्ड’मध्ये जमतात, तेही याच भूगोलामुळे. या टॅबर्डचंच नाव पुढे ‘टॅल्बट’ झालं.

रस्त्यालगतची जागा महाग, म्हणून प्रत्येक भूखंडाचं तोंड अरुंद आणि खोली भरपूर. सराईची सगळी रचना या आकारातून निघते. रस्त्याकडे एक कमानीचा दरवाजा, गाडी जेमतेम आत जाईल एवढा. आत लांबट चौक. चौकाच्या भोवती खाली स्वयंपाकघर, बसायच्या खोल्या, कचेरी, कोठारं. वर मुक्कामाच्या खोल्या. मोठ्या सरायांना त्याच्या मागे दुसरा चौक असे, तबेल्यांचा. तिथे घोडे, चारा, खताचे ढीग आणि गाड्या.

आता गॅलरी. चाळीत राहिलेल्या किंवा चाळ पाहिलेल्या वाचकाला गॅलरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीचं दार बाहेरच्या सज्जावर उघडतं आणि सज्जा हाच येण्याजाण्याचा मार्ग. सराईतली गॅलरी म्हणजे इमारतीच्या बाहेर काढलेला व्हरांडा. आत मार्गिका काढली असती, तर तेवढी जागा खोल्यांतून गेली असती आणि खोल्यांना एकाच बाजूने उजेड मिळाला असता. बाहेर काढल्यामुळे प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार मिळालं, चौकातून थेट जिना मिळाला, आणि मालकाला खाली उभं राहून कोण कुठल्या खोलीत जातं ते दिसू लागलं. पाहुण्यालाही आपली गाडी, आपला घोडा, आपलं सामान वरून दिसे. अनोळखी माणसांच्या घरात रात्र काढताना ही नजर मोलाची होती. किंमत एकच : हिवाळ्याच्या रात्री खोलीत जायला उघड्या थंडीतून चालावं लागे.

म्हणजे या वास्तूत शोभा आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत. कठडा आहे तो माणूस खाली पडू नये म्हणून. खांब आहेत ते वरची गॅलरी आणि छप्पर तोलायला. चाकांची वर्दळ खाली आणि माणसांची वर, अशी दोन्हींची फारकत करणारी ही यंत्रणा आहे आणि तिच्या केंद्रस्थानी आहे ती रिकामी जागा. चौक बांधलेला नसतो. तो चारी बाजूंच्या बांधकामाने तयार होतो. एक बाजू काढा, चौक कमकुवत होतो. तीन काढा, चौक उरतच नाही. उरतं ते एक अंगण आणि त्याच्या कडेला एक इमारत.

हे अनुभवायचं असेल, तर ग्लॉस्टरमधल्या ‘न्यू इन’कडे पाहावं. नाव ‘न्यू’, वय पावणेसहाशे वर्षं. १४५० च्या सुमारास तिथल्या सेंट पीटरच्या मठाने ती बांधली. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या थडग्याच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची सोय हा एक हेतू होता. तिथे चौक अजून चारी बाजूंनी बंद आहे. दरवाजातून आत आल्यावर रस्ता मागे राहतो, आवाज बदलतो आणि वरच्या गॅलऱ्या आपल्याकडे पाहू लागतात. ‘जॉर्ज’मध्ये हे होत नाही, कारण तिथे आपल्याकडे एकाच बाजूने पाहिलं जातं. समोरच्या अंगाला नंतरच्या इमारती, वर मान केली तर २०१२ मध्ये पूर्ण झालेला ‘शार्ड’चा काचेचा सुळका. दोन्ही वास्तू ‘गॅलऱ्यांच्या सराया’ म्हणून एकाच यादीत येतात. पण एकीत चौक जिवंत आहे आणि दुसरीत चौकाची एक भिंत.

आगीनंतरचं लाकूड

‘जॉर्ज’च्या लाकडाबद्दलही एक गैरसमज रुळलेला आहे. हे खांब शेक्सपियरने पाहिले असतील, या कल्पनेने पाहुणे सुखावतात. ते शक्य नाही. मे १६७६ मध्ये सदर्कला मोठी आग लागली, शेकडो घरं जळाली, ‘टॅबर्ड’ आणि ‘जॉर्ज’ दोन्ही गेल्या. आजची इमारत त्यानंतरच्या बांधकामाची आहे. तेव्हा शेक्सपियरला जाऊन साठ वर्षं झाली होती.

सरायांच्या चौकात नाटकं होत, त्यावरूनच इंग्रजी नाट्यगृहाचा आकार निघाला, मधला चौक म्हणजे उभ्या प्रेक्षकांची जागा आणि गॅलऱ्या म्हणजे महागडी आसनं, अशी एक मांडणी शाळेपासून शिकवली जाते. ती दिसायला इतकी सुबक आहे की खरीच असावी असं वाटतं. त्यात तथ्यही आहे. लंडनच्या ‘बुल’ आणि ‘बेल सॅव्हिज’ यांसारख्या सरायांत सोळाव्या शतकात नियमित प्रयोग होत. पण काही सरायांत खेळ चौकात न होता आतल्या मोठ्या खोलीत होत, असं अलीकडचे अभ्यासक मानतात. आणि १५७६ मध्ये जेम्स बर्बेजने ‘द थिएटर’ उभारलं, तेव्हा त्याच्यापुढे बैल-अस्वलांच्या झुंजींची गोल रिंगणंही होतीच. विसाव्या शतकात ‘जॉर्ज’च्या अंगणात शेक्सपियरचे प्रयोग झाले, ते या सुबक मांडणीचे नाट्यरूपांतर होते. प्रयोग म्हणून छान, पुरावा म्हणून निरुपयोगी.

मला त्याहून रोचक वाटते ती वेगळी गोष्ट. नदीपलीकडच्या लंडन शहराने १६६६ च्या आगीनंतर विटा आणि दगड सक्तीचे केले होते. दहा वर्षांनी सदर्क जळलं, तेव्हा ‘जॉर्ज’ने पुन्हा लाकडी गॅलऱ्या उभारल्या, त्याही जुन्याच धर्तीवर. हा आंधळा परंपरावाद नव्हता. भूखंड तोच होता, धंदा तोच होता, त्यामुळे आराखडाही तोच राहिला. टप्प्याच्या घोडागाड्या तेव्हा नव्याने रुळत होत्या; सराईचं पोट भरत होतं ते मालाच्या गाड्यांवर आणि घोड्यावरून येणाऱ्या प्रवाशांवर. आज आपण जिला ‘घोडागाड्यांची सराई’ म्हणतो, ती वास्तू गाड्यांच्या भरभराटीच्या शंभर वर्षं आधीची आहे. नाव शेवटच्या अवस्थेवरून पडलं आणि चिकटलं.

गाड्यांचं खरं युग सुरू झालं ते २ ऑगस्ट १७८४ ला, जॉन पामरची पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून लंडनला निघाली तेव्हा. आठ-दहा मैलांचा एकेक टप्पा, प्रत्येक टप्प्यावर ताजे घोडे, गार्डकडे कुलूपबंद घड्याळ. गार्डने दुरून शिंग फुंकलं की सराईत घोडे जुंपायची तयारी व्हायची आणि काही मिनिटांत गाडी पुढे. या वेगाने वास्तूही बदलली. अठराव्या शतकातल्या सरायांनी चौकाकडचं तोंड रस्त्याकडे वळवलं. लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्डची ‘जॉर्ज’ पाहा. नाव तेच, पण ही सराई वेगळी, उत्तरेच्या महामार्गावरची. तिचा दर्शनी भाग १७२४ चा, सरळ रेषांचा, खिडक्यांच्या ओळींचा. तिची पाटी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या तुळईवर टांगलेली, म्हणजे गाडी तिच्याखालूनच जाणार. आत लाकडी तावदानांच्या दोन खोल्या आहेत, एकीवर ‘लंडन’ आणि दुसरीवर ‘यॉर्क’ असं लिहिलेलं. प्रवासी कुठल्या दिशेला निघाला आहे, त्यावरून त्याने कुठे बसायचं ते ठरे. माणसाच्या दर्जाऐवजी त्याच्या दिशेवरून खोली ठरवणारी ही कल्पना पुढे रेल्वेने उचलली, फलाटांच्या रूपाने.

लंडनच्या ‘जॉर्ज’मध्येही हा बदल दिसतो, फक्त त्याचा फोटो कुणी काढत नाही. उरलेल्या रांगेचा एक भाग गॅलऱ्यांचा आहे आणि त्याला लागून पूर्वेकडचा भाग बिनगॅलरीचा, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांचा. येण्याजाण्याचा मार्ग घराच्या आत घेण्याची नवी रीत आणि तो बाहेर काढण्याची जुनी रीत एकाच भिंतीत शेजारी उभ्या आहेत. वास्तूच्या अभ्यासकाला या दोन भागांमधला सांधा कठड्यांपेक्षा अधिक सांगून जातो.

आधीच सुरू झालेली हळहळ

डिकन्सचा आणि ‘जॉर्ज’चा संबंध सांगितला जातो त्यापेक्षा पुष्कळ पातळ आहे. ‘लिटल डॉरिट’मध्ये या सराईचा ओझरता उल्लेख आहे, इतकंच. सॅम वेलर बूट पुसताना पहिल्यांदा भेटतो तो शेजारच्या ‘व्हाइट हार्ट’च्या चौकात. ‘व्हाइट हार्ट’ आता नाही, म्हणून तिची पुण्याई ‘जॉर्ज’च्या खात्यावर जमा झाली आहे. या भागाशी डिकन्सचं खरं नातं वेगळंच होतं आणि ते गोड नव्हतं. त्याचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी याच रस्त्यावरच्या मार्शल्सी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा डिकन्स कारखान्यात काम करत होता.

‘पिक्विक’ची कालगणना मात्र पाहण्यासारखी आहे. कादंबरी एप्रिल १८३६ पासून मासिक भागांत येऊ लागली. सॅम वेलर अवतरला तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. आणि डिसेंबर १८३६ मध्ये ‘व्हाइट हार्ट’पासून हाकेच्या अंतरावर लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं. कादंबरी अजून चालू होती. जुन्या, ऐसपैस, गॅलऱ्यांच्या सरायांबद्दल वाचक सुस्कारे टाकू लागला, तेव्हा त्यांच्या चौकात गाड्या येतच होत्या. हळहळ मृत्यूच्या आधीच सुरू झाली होती. डिकन्सला हे ठाऊक असावं. कादंबरीचा काळ त्याने जाणून दहाएक वर्षं मागे ठेवला होता. त्याच कादंबरीत जिंगल हा थापाड्या एका बाईची गोष्ट सांगतो : गाडीच्या टपावर बसून सँडविच खाताना सराईच्या कमानीकडे तिचं लक्ष नव्हतं, आणि तिचं डोकं उडालं. रम्य कमानीखालून टपावरच्या प्रवाशाला वाकूनच जावं लागे, हे डिकन्स विसरला नव्हता. त्याचे भक्त विसरले.

धंद्यातल्या माणसांना तर हळहळायला वेळच नव्हता. विल्यम चॅप्लिन हा लंडनचा सर्वांत मोठा गाडीमालक. त्याच्याकडे अठराशेच्या आसपास घोडे होते आणि ‘स्वान विथ टू नेक्स’ या त्याच्या सराईच्या चौकाखाली जमिनीच्या पोटात तबेले होते. वारं फिरलं हे ओळखून त्याने गाड्या काढून टाकल्या, पैसा रेल्वेत घातला आणि पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला. सराई आणि स्टेशन यांच्यात लोक समजतात तेवढं वैर नव्हतं. कचेरी, बसायच्या खोल्या, सामानाची ने-आण, वेळापत्रक, वर्ग, हे सगळं स्टेशनाने सराईकडून घेतलं. चौकाला छप्पर घाला, घोडे काढा, रूळ टाका. सराईचा आराखडा मेला नाही, तो पत्ता बदलून गेला.

कुणी काय वाचवलं

गाड्या थांबल्यावर चौक ओस पडले. काही सरायांची कोठारं झाली, काहींत गरीब कुटुंबं खोली-खोलीने राहू लागली. वॉर्विक लेनमधल्या ‘ऑक्सफर्ड आर्म्स’चं असंच झालं. १८७५ मध्ये ती पाडायचं ठरलं, तेव्हा काही मंडळींनी निदान तिचे फोटो तरी काढून ठेवावेत म्हणून एक संस्था उभारली. जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रं काढणारी ही संस्था १८८६ पर्यंत चालली आणि तिने १२० छायाचित्रं प्रसिद्ध केली. गॅलऱ्यांची एक सराई हे तिच्या जन्माचं कारण. इमारत गेली, पण तिच्यामुळे शहराला स्वतःकडे पाहायची एक सवय लागली.

दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. सदर्कमध्येच ऑक्टेव्हिया हिलने १८८७ मध्ये गरिबांसाठी घरं आणि बाग उभी केली. हीच बाई पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे जतनाचा विचार हवेत होता, माणसं त्याच वस्तीत होती. तरीही १८८९ मध्ये ‘जॉर्ज’च्या मालकीण असलेल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने उत्तरेची आणि मधली बाजू पाडून मालाची गोदामं बांधली. त्याच वर्षी ‘व्हाइट हार्ट’ गेली. ‘टॅबर्ड’ची जागा घेतलेली इमारत १८७३ मध्येच जमीनदोस्त झाली होती. ‘जॉर्ज’ची दक्षिण बाजू का वाचली? ती सर्वांत सुंदर होती म्हणून नव्हे. तिच्यात दारूचा धंदा चालू होता आणि गोदामांना तेवढ्याशा जागेची निकड नव्हती म्हणून. ज्या रेल्वेने ती मोडली, तिच्याच वारस कंपनीने, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, १९३७ मध्ये उरलेला भाग ट्रस्टला देऊन टाकला. आज तो दातृत्व म्हणून नोंदला जातो. १८८९ मात्र पाटीवर लहान अक्षरांत असतं.

ट्रस्टने इमारतीचं संग्रहालय केलं नाही, ती पब म्हणून भाड्याने चालवायला दिली. हा निर्णय मला योग्यच वाटतो. दोरी लावून ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्या खोल्यांपेक्षा बिअर सांडलेलं टेबल या वास्तूला अधिक साजेसं आहे. मॉरिसच्या पंथाची शिकवणही हीच : डागडुजी करा, वापरा, पण जुनं म्हणून नवं काही चिकटवू नका. गेलेल्या दोन बाजू ‘मूळ’ धर्तीवर पुन्हा बांधल्या नाहीत, हेही बरंच झालं. तशा बांधल्या असत्या, तर आज खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे शोधत बसावं लागलं असतं.

पण वापर चालू आहे म्हणजे वास्तू चालू आहे, असं नाही. सराईला सराईपण देणाऱ्या गोष्टींपैकी बिछाना गेला, तबेला गेला, गाडी गेली, कोठार गेलं. उरलं पान आणि भोजन. ‘इन’ आणि ‘टॅव्हर्न’ यांच्यातला फरक ज्याने ठरायचा, तेच नाही. गॅलरीवरची दारं आता कुणाच्या मुक्कामाकडे जात नाहीत. आत टांगलेलं मोठं घड्याळ ‘पार्लमेंटच्या कायद्याचं घड्याळ’ म्हणून दाखवलं जातं : १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसला, लोकांनी घड्याळं टाकून दिली, म्हणून सरायांनी ती लावली, अशी कथा. पण तो कर वर्षभरही टिकला नाही आणि अशी घड्याळं सरायांत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ती होती, कारण गाडी वेळेवर सुटायची असे. काम हे कारण पुरेसं रंगतदार वाटलं नाही, म्हणून कायद्याची गोष्ट जोडली गेली.

जतनातला हा कल पुन्हापुन्हा दिसतो. कामाची बाजू गळते, पाहुण्याची बाजू राहते. सरायांच्या बाबतीत तर अक्षरशः तसं झालं. गॅलऱ्या जिथे वाचल्या, तिथेही मागचे तबेले बहुतेक गेले. जे राहिले त्यांचे वाहनतळ झाले किंवा जादा खोल्या. मोतद्दार चाऱ्याच्या माळ्यावर झोपत, त्या माळ्याला कुणी संरक्षित श्रेणी देत नाही. टपावरून अर्ध्या भाड्यात येणारा प्रवासी आणि आत बसणारा प्रवासी यांना सराईत वेगळी वागणूक मिळे. गाडीवान आणि मोतद्दार ‘टॅप’च्या खोलीत, बाबूलोक ‘कॉफी रूम’मध्ये. इमारतीतली ही वाटणी आज आठवणीतही उतरली आहे. रात्री तीन वाजता शिंग ऐकून गारठलेल्या हातांनी घोडे जुंपणारा माणूस गॅलरीच्या फोटोत येत नाही, कारण गॅलरी त्याच्यासाठी नव्हतीच. सॅम वेलर बूट पुसतो तो खाली, चौकात. वर जाऊन पाहणाऱ्यांनी त्याला आपलं दैवत केलं आणि त्याची जागा मात्र गमावली.

यावर कुणी म्हणेल, की एक बाजू तरी वाचली, तिच्यावर इतकं बोट ठेवायचं कशाला? कारण ती बाजू स्वतःला पूर्ण म्हणून सांगते. तुटलेली मूर्ती तुटलेली दिसते. पाहणारा हरवलेल्या हाताची कल्पना करतो. ‘जॉर्ज’ तुटलेली दिसत नाही. गॅलरीचा मोह एवढा आहे, की समोर काय नाही हे डोळा विचारतच नाही. इथे फार खर्चाचं काही करायला नको. पाडलेल्या बाजूंच्या भिंती कुठे होत्या, त्यांच्या रेषा फरशीत उमटवाव्यात. दुसरा चौक, तबेले, कचेरी, कोठार, जिथे जे होतं तिथे त्याचं नाव लिहावं. ओक लाकडाचं वय सांगणाऱ्या पाटीशेजारी १८८९ हे सालही तेवढ्याच ठळक अक्षरांत यावं. मग बिअरचा ग्लास घेऊन अंगणात उभ्या असलेल्या माणसाला आपण कचेरीत उभे आहोत की घोड्याच्या ठाणावर, हे कळेल. तेवढं कळलं, तर उरलेल्या एका बाजूवरून बाकीच्या तीन बाजू त्याच्या मनात उभ्या राहू शकतात. वास्तूचं जतन याहून फार वेगळं काही असतं, असं मला वाटत नाही.